नोंद नाही, की शब्द चुकला?

काही दिवसांपूर्वी आमच्या अमळनेर तालुक्यातील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. नववीच्या दोन विद्यार्थिनींनी ‘आपल्या नद्या व पूर’ या विषयावर तक्ता केला होता. बोरी, पांझरा, गिरणा आणि तापी यांचा सुबक नकाशा, पर्जन्यमानाचा आलेख, सारे काही नीटनेटके. पण तक्त्याच्या शेवटी लाल शाईने एक वाक्य होते : ‘आपल्या भागात जुन्या काळी मोठा पूर आल्याची नोंद नाही.’

मी विचारले, “हे कशावरून लिहिलेत?”

“सर, खानदेशचे जुने गॅझेटियर संगणकावर आहे. त्यात आम्ही शोधले. काहीच आले नाही.”

“काय लिहून शोधलेत?”

त्यांनी सांगितले, की प्रथम मराठीत अख्खा प्रश्नच लिहिला : ‘जळगाव जिल्ह्यात पूर्वी मोठा पूर कधी आला होता?’ मग ग्रंथ इंग्रजी आहे हे ध्यानात आल्यावर ‘जळगाव डिस्ट्रिक्ट फ्लड’ हे तीन शब्द इंग्रजीत एकापुढे एक लिहिले. दोन्ही वेळा उत्तर शून्य.

मुलींची मेहनत खोटी नव्हती. ग्रंथही त्यांनी अचूक निवडला होता. तो म्हणजे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड, ‘खानदेश’, प्रकाशन १८८०. आणि गंमत अशी, की त्याच ग्रंथात पुरांची नोंद आहे! १८२२ साली तापीच्या पुराने ६५ गावे साफ धुऊन नेली. १८७२ साली गिरणा आणि पांझरा फुगल्या, धुळे शहरातील सुमारे ५०० घरे गेली आणि १५२ गावांची हानी झाली. उत्तर ग्रंथात होते, ग्रंथ समोर होता, तरी उत्तर ‘नाही’ असे आले.

ही चूक लहान समजू नका. तक्त्यावरचे ते वाक्य वाचून कोणी म्हणेल, की नदीकाठी घर बांधायला हरकत नाही. पूर्वी कधी पूर आलाच नव्हता. ‘सापडले नाही’ आणि ‘घडले नाही’ या दोन वाक्यांत फार मोठे अंतर आहे. ते अंतर कसे ओळखावे, आणि मुळात शोध कसा घ्यावा म्हणजे सापडेल, हे आज आपण पाहू या.

नादकाट्याची गोष्ट

प्रयोगशाळेत तुम्ही नादकाटे पाहिले असतील. सारख्या वारंवारतेचे दोन नादकाटे आपापल्या पोकळ पेट्यांवर जवळजवळ ठेवले आणि एकाला कंप दिला, की दुसरा आपोआप गुणगुणू लागतो. हाच अनुनाद. आता दुसऱ्या काट्याच्या भुजेला थोडे मेण चिकटवा. वारंवारता किंचित कमी होते आणि तो काटा जवळजवळ मुका होतो. काटा तोच, पेटी तीच. फक्त थोडे मेण!

दस्तऐवजात शब्द शोधणारी साधी यंत्रणा नेमकी अशीच वागते. तुम्ही दिलेली अक्षरे ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने पानावर आली, तरच ती ‘गुणगुणते’. तिला पूर म्हणजे काय हे ठाऊक नाही. ती अक्षराला अक्षर लावून पाहते, एवढेच. ‘जळगाव डिस्ट्रिक्ट फ्लड’ हे तीन शब्द त्याच क्रमाने, एकमेकांना लागून, १८८० च्या ग्रंथात कोणी लिहिले असतील काय? शक्यच नाही. म्हणून उत्तर शून्य आले.

यावरून पहिला नियम निघतो. शोधताना प्रश्न लिहू नका. उत्तराच्या पानावर जे शब्द असतील असे वाटते ते लिहा. ‘कधी आला होता’ हे शब्द विचारणाऱ्याचे आहेत. उत्तर लिहिणारा ‘कधी’ असे लिहीत नाही. तो साल लिहितो.

शब्द आपले नव्हेत, लिहिणाऱ्याचे

आता ‘जळगाव जिल्हा’ हे शब्द घेऊ. १८८० साली आजच्यासारखा जळगाव जिल्हा नव्हता. सारा खानदेश मिळून एकच जिल्हा होता. १९०६ साली त्याचे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्या सुमारास पूर्व खानदेशाला जळगावचे आणि पश्चिम खानदेशाला धुळ्याचे नाव मिळाले. पुढे १९९८ साली धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. म्हणजे आपले अमळनेर जागचे हलले नाही, तरी ते आधी खानदेशात, मग पूर्व खानदेशात आणि आता जळगाव जिल्ह्यात आहे. १९३० सालच्या कागदात ‘जळगाव जिल्हा’ शोधणे म्हणजे आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर नातवाचे नाव शोधण्यासारखे आहे!

नद्यांना तर जिल्ह्याची हद्द ठाऊकच नसते. पांझरा धुळ्यावरून येते, अमळनेर तालुक्याच्या पश्चिम अंगाने उत्तरेकडे जाते आणि तापीला मिळते. तेव्हा आपल्या भागातील पुराची गोष्ट धुळ्याच्या पानावर असू शकते. जिल्ह्याच्या नावापेक्षा नदीच्या नावाने शोधणे येथे अधिक शहाणपणाचे.

नावांचे लेखनही बदलते. जुन्या इंग्रजी ग्रंथांत आपले धुळे ‘धुलिया’ असते आणि तापी ‘ताप्ती’ असते. धुळ्याचे आजचे इंग्रजी स्पेलिंग देऊन शोधले तर जुन्या ग्रंथातील धुळे हाती लागणार नाही. पांझरा या नावात इंग्रजीत ‘एच’ कोणी घालतो, कोणी गाळतो.

कालगणनेचेही तसेच. इसवी सन १८७२ चा पावसाळा म्हणजे शके १७९४. मराठी पंचांगाच्या सवयीने लिहिणाऱ्याने शकच घातला असेल, तर ‘१८७२’ शोधून तो कागद सापडणार नाही. आणि बोलीचे काय? आपल्या अहिराणीत पूर ‘उना’ म्हणतात, पुस्तकात तो ‘आला’ असतो. आजीच्या तोंडची आठवण कोणी जशीच्या तशी उतरवून ठेवली असेल, तर तेथे तुमचा पुस्तकी शब्द चालणार नाही.

म्हणून शोधाला बसण्यापूर्वी स्वतःला विचारा : हे कोणी लिहिले असेल? केव्हा? कोणत्या भाषेत? तो या गोष्टीला काय म्हणत असेल?

चार खणांची पेटी

एवढे सगळे शब्द सुचावेत कसे? याची एक सोपी युक्ती आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक शियाळी रामामृत रंगनाथन हे मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांपैकी चौथे सूत्र आहे, वाचकाचा वेळ वाचवा. १९३३ साली त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. कोणताही विषय अखंड न धरता त्याचे पैलू पाडावेत, हा तिचा गाभा. स्थळ हा एक पैलू, काळ हा दुसरा, आणि असेच आणखी.

आपल्या कामापुरते आपण चार खण करू : कशाविषयी, काय घडले, कोठे, केव्हा. मुलींच्या प्रश्नाची वाटणी अशी होईल.

कशाविषयी : नदी, तापी, ताप्ती, गिरणा, पांझरा, बोरी.
काय घडले : पूर, महापूर, पाणी चढले, वाहून गेले, घरे पडली.
कोठे : खानदेश, पूर्व खानदेश, धुळे, धुलिया, अमळनेर.
केव्हा : १८२२, १८७२, शके १७९४.

अर्थात सालच शोधायचे असेल तर चौथा खण रिकामा ठेवा. एका खणातील शब्द एकमेकांचे बदली खेळाडू आहेत. त्यांपैकी एक आला तरी चालेल. पण निरनिराळ्या खणांतील शब्द एकाच पानावर एकत्र यावयास हवेत. हे ‘किंवा’ आणि ‘आणि’ यांचे गणित आहे.

आणि, किंवा, नाही

जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने १८५४ साली विचारांचे नियम बीजगणितात मांडणारा ग्रंथ लिहिला. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ या साध्या शब्दांनाही बेरीज-गुणाकारासारखे नियम असतात, हे त्याने दाखवले. पुढे १९३७ साली क्लॉड शॅनन या अमेरिकन विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवून दिले, की हेच नियम विजेच्या बटनांना लागू पडतात.

तुम्ही हे घरी करून पाहू शकता. एक घट, एक दिवा आणि दोन बटने घ्या. बटने एकसर जोडणीत जोडली, तर दोन्ही दाबल्याशिवाय दिवा लागत नाही. हे झाले ‘आणि’. तीच बटने समांतर जोडणीत जोडली, तर कोणतेही एक दाबले तरी दिवा लागतो. हे झाले ‘किंवा’.

शोधातही तसेच. ‘आणि’ने जोडलेला प्रत्येक नवा शब्द म्हणजे आणखी एक चाळणी. समजा, तुमच्यापुढे १,०२४ कागद आहेत आणि तुमचा प्रत्येक शब्द निम्मे कागद गाळतो. दहा शब्दांनंतर एकच कागद उरेल. शब्द दुर्मीळ असेल तर चाळणी आणखी बारीक. ‘नदी’ शेकडो पानांवर असेल, ‘पांझरा’ थोड्याच पानांवर. केरेन स्पार्क जोन्स या इंग्रज संशोधिकेने १९७२ साली मांडलेला विचार हाच : जो शब्द थोड्या कागदांत आढळतो त्याला शोधात अधिक वजन द्यावे. आजची शोधयंत्रेही या विचाराचा उपयोग करतात. म्हणून ‘माहिती’, ‘इतिहास’, ‘महत्त्व’ असे सर्वत्र आढळणारे शब्द घालण्यापेक्षा एक नेमके विशेषनाम घाला.

पण चाळण्या वाढवताना सावध राहा. दहापैकी एक शब्द जरी चुकला, तरी हवा तो कागदच गळून जाईल. एकसर जोडणीत एक बटन बिघडले, की दिवा लागतच नाही!

दहा चिठ्ठ्यांचा प्रयोग

आता प्रत्यक्ष प्रयोग करू. पुढील दहा वाक्ये दहा चिठ्ठ्यांवर लिहा. प्रश्न असा : नदीच्या पुराविषयी सांगणाऱ्या चिठ्ठ्या शोधा.

१. १८७२ साली पांझरेच्या पुराने धुळ्यातील सुमारे ५०० घरे वाहून नेली.
२. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले.
३. तापीला महापूर आला की काठच्या गावांत पाणी शिरते.
४. पंढरपूर चंद्रभागेच्या काठी आहे.
५. १८२२ साली तापीकाठची पुष्कळ गावे पाण्याने वाहून गेली.
६. गोदावरीला पूर आला की नाशिकच्या दुतोंड्या मारुतीभोवती पाणी चढते.
७. नदीकाठच्या काळ्या जमिनीत कापूस भरपूर पिकतो.
८. नदीकाठची वडीलधारी माणसे पुरांच्या खुणा दाखवतात.
९. पुराणांत तापीला सूर्याची कन्या म्हटले आहे.
१०. बलसाणे येथील पुरातन देवळे प्रसिद्ध आहेत.

डोळ्यांनी वाचले तर कामाच्या चिठ्ठ्या पाच : १, ३, ५, ६ आणि ८. आता यंत्र होऊन, म्हणजे अर्थ विसरून, नुसती अक्षरे जुळवा.

शोध पहिला : ‘पूर’ हा सुटा शब्द. फक्त सहावी चिठ्ठी येते. आलेली एक, कामाची एक. पण पाचपैकी चार निसटल्या.

शोध दुसरा : ‘पूर’ ही अक्षरे शब्दात कोठेही. आता २, ३, ४, ६, ७ अशा पाच येतात. ‘पंढरपूर’ आणि ‘भरपूर’ यांत पूर आहे हे उघड आहे. पण ‘पूर्व’ कसा आला? आपल्याला त्या शब्दात रफार दिसतो. संगणकाच्या साठवणीत मात्र प, दीर्घ ऊकार, र, हलन्त, व असा क्रम असतो. पहिली तीन चिन्हे ‘पूर’चीच! पाचांत कामाच्या दोनच, ३ आणि ६.

पहिली आणि आठवी का आली नाहीत? येथे आपले व्याकरण आडवे येते. उपान्त्य दीर्घ ऊ सामान्यरूपात ऱ्हस्व होतो, हे तुम्ही शिकला आहात. पूर, पण पुराने, पुरांच्या. नादकाट्याला मेण लागले ते हे! ‘पाऊस’चा ‘पावसाने’ होतो, ‘विहीर’ची ‘विहिरीत’ होते, ‘धुळे’चे ‘धुळ्यातील’ होते. मराठीत नाम बहुधा प्रत्यय लावूनच वावरते. तेव्हा मूळ रूपाबरोबर सामान्यरूपही शोधलेच पाहिजे.

शोध तिसरा : ‘पूर’ किंवा ‘पुरा’. आता पाचवी सोडून सगळ्या, म्हणजे नऊ चिठ्ठ्या येतात. कामाच्या चार. पण ‘पुराण’ आणि ‘पुरातन’ यांचा कचराही आला.

शोध चौथा : (‘पूर’ किंवा ‘पुरा’) आणि (‘नदी’ किंवा ‘तापी’ किंवा ‘पांझर’ किंवा ‘गोदावरी’). आता १, ३, ६, ७, ८, ९ अशा सहा येतात. कामाच्या चार. ‘पांझरा’ऐवजी ‘पांझर’ एवढेच का घेतले? ‘पांझरेच्या’ हे रूपही पकडता यावे म्हणून.

शोध पाचवा : पाचवी चिठ्ठी अजून हाती नाही, कारण तिच्यात ‘पूर’ हा शब्द कोणत्याच रूपात नाही. पण पहिल्या चिठ्ठीत ‘वाहून’ हा शब्द आपल्याला दिसला आहे. तो ‘पूर’च्या खणात टाकू. आता पाचवी चिठ्ठीही येते. एकूण सात, कामाच्या पाचही.

शोध सहावा : वरच्या शोधाला ‘भरपूर नाही, पुराण नाही’ अशी जोड द्या. सातवी आणि नववी गळतात. आलेल्या पाच, कामाच्या पाच!

या हिशेबाला शास्त्रात नावे आहेत. आलेल्यांपैकी कामाच्या किती, ही अचूकता. कामाच्या एकूण चिठ्ठ्यांपैकी आलेल्या किती, ही पूर्णता. पहिल्या शोधाची अचूकता एकास एक, पण पूर्णता पाचात एक. तिसऱ्याची पूर्णता पाचात चार, पण अचूकता नवात चार. इंग्लंडमधील क्रॅनफील्ड येथे सिरिल क्लेव्हरडन यांनी १९६० च्या दशकात शोधपद्धतींच्या तुलनेचे जे प्रसिद्ध प्रयोग केले, त्यांत याच दोन मापांचा उपयोग केला. सामान्यतः एक वाढवावे तर दुसरे घटते. म्हणून आधी जाळे रुंद टाका, नंतर ते आवळा. आरंभीच आवळले, तर काय निसटले हे कळत नाही.

‘नाही’ हा शब्द मात्र जपून वापरा. ‘पुराणांतही तापीच्या पुराचे वर्णन येते’ असे एखादे वाक्य अकराव्या चिठ्ठीवर असते, तर ‘पुराण नाही’ म्हटल्यामुळे ते आपण हाताने फेकून दिले असते.

मराठी कागदांच्या खास अडचणी

जुनी मराठी पुस्तके पाहिलीत तर ‘गांव’, ‘नांव’, ‘कांहीं’ असे शब्द दिसतील. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली शासनाने मान्य केले आणि असे व्युत्पत्तीवाचून येणारे अनुस्वार गेले. म्हणून जुन्या कागदात शोधताना ‘गाव’बरोबर ‘गांव’ही द्या. तसेच अंक. पान मराठीत असले तरी साल देवनागरी अंकांत आहे की इंग्रजी अंकांत, हे सांगता येत नाही. दोन्ही करून पाहा.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. जुन्या ग्रंथाचे संगणकावरील पान हे पुष्कळदा नुसते छायाचित्र असते. आपल्याला अक्षरे दिसतात. यंत्राला फक्त काळे-पांढरे ठिपके. अशा ग्रंथात कोणताही शब्द शोधा, उत्तर शून्यच येणार. काही ग्रंथांची अक्षरे यंत्राकरवी वाचून घेतलेली असतात, पण त्या वाचनात ‘ध’चा ‘घ’ आणि ‘म’चा ‘भ’ होतो. ‘धुळे’ तेथे ‘घुळे’ होऊन बसले असेल, तर तुम्ही कितीही शुद्ध लिहिलेत तरी ते सापडणार नाही.

शिवाय संगणकावर मराठी लिहिण्याची आजची सर्वमान्य पद्धत, म्हणजे युनिकोड, रूढ होण्यापूर्वी निरनिराळे टंक वापरले जात. त्या काळचा मजकूर पडद्यावर मराठी दिसला, तरी आत भलतीच चिन्हे साठवलेली असतात. तेथेही मराठी शब्द टंकून उपयोग नाही.

यावर उपाय काय? जो तराजूला तोच शोधाला. प्रयोगशाळेत वजन करण्याआधी आपण तराजूची शून्य त्रुटी पाहतो, ठाऊक असलेले वजन टाकून खात्री करतो. तसेच येथे करा. ग्रंथाचे एक पान उघडा, त्यावर डोळ्यांनी दिसणारा एखादा शब्द निवडा आणि तोच शोधा. समोर दिसणारा शब्दही सापडला नाही, तर यंत्र आंधळे आहे असे समजा. मग अनुक्रमणिका आणि शेवटची सूची यांचाच आधार घ्या.

सूचीला कमी लेखू नका. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी आपल्या ज्ञानकोशाचा एक अख्खा खंड सूचीसाठी दिला. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची १९४४ साली प्रसिद्ध केली. सूची करणारा माणूस अर्थ जाणून नोंद करतो. आपली पाचवी चिठ्ठी, जिच्यात ‘पूर’ हा शब्दच नाही, तीही त्याने ‘पूर’ या नोंदीखालीच घातली असती.

आजची हुशार यंत्रे

तुम्ही म्हणाल, “सर, हल्लीची शोधयंत्रे पूर्ण वाक्य लिहिले तरी समजून घेतात, आणि कृत्रिम बुद्धिमत्ता तर उत्तरच लिहून देते.” खरे आहे. ही यंत्रे अक्षरांबरोबर अर्थही जुळवू पाहतात. ‘पूर’ विचारले तर ‘वाहून गेली’ असलेले पानही ती आणू शकतात. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा. जो ग्रंथ त्यांच्यापुढे नाही त्यातले त्यांना सापडणार नाही. जेथे पान नुसते चित्र आहे आणि त्यावरची अक्षरे कोणी वाचून घेतलेली नाहीत, तेथे अर्थ जुळवायला शब्दच नाहीत. आणि त्यांनी दिलेले उत्तर ठाम भाषेत असले तरी चुकीचे असू शकते. उत्तर मिळाले, की ते कोणत्या ग्रंथाच्या कोणत्या पानावर आहे हे स्वतः उघडून पाहा. त्या पानाचा शोध घेताना पुन्हा हीच विद्या कामी येईल.

त्या पानावर आणखी एक गोष्ट करा. लेखकाने वापरलेले शब्द वहीत टिपून घ्या आणि त्या शब्दांनी पुन्हा शोधा. ‘वाहून’ हा शब्द आपल्याला असाच मिळाला होता. पहिला शोध क्वचितच शेवटचा असतो.

लाल शाईचे वाक्य

प्रदर्शनाच्या दुपारी त्या दोघींना मी एवढेच सुचवले, की गॅझेटियरमध्ये नुसते ‘फ्लड’ शोधा, मग ‘ताप्ती’, मग ‘धुलिया’. अर्ध्या तासात १८२२ आणि १८७२ ही दोन्ही साले त्यांना मिळाली. लाल शाईच्या वाक्यावर त्यांनी कोरा कागद चिकटवला आणि नवे वाक्य लिहिले. खाली खंडाचे नाव आणि प्रकाशनाचे साल घातले.

मग मी त्यांना विचारले, “आणि बोरीचे काय?” बोरीच्या मोठ्या पुराची नोंद त्यांना त्या अर्ध्या तासात मिळाली नाही. पण या वेळी त्यांनी ‘नोंद नाही’ असे लिहिले नाही. त्यांनी लिहिले : ‘बोरी नदीसाठी आम्ही हा एकच ग्रंथ, या तीन शब्दांनी पाहिला. त्यात आम्हांला सापडले नाही. शोध चालू आहे.’

हे वाक्य मला साऱ्या तक्त्यात अधिक शास्त्रीय वाटले. कोठे शोधले आणि कोणत्या शब्दांनी, हे सांगितले म्हणजे पुढच्या माणसाला नवा शब्द लावून पाहता येतो.

करून पाहा

१. वरच्या दहा चिठ्ठ्यांत ‘पाणी’ शोधा. किती आल्या? पाचवी का आली नाही?

२. ‘विहीर’, ‘पाऊस’, ‘गरीब’, ‘फूल’ यांची सामान्यरूपे लिहा. प्रत्येक शब्द शोधताना कोणती दोन रूपे द्याल?

३. तुमच्या गावाचे नाव पूर्वी मराठीत आणि इंग्रजीत कसे लिहीत? घरातील जुने दस्त, शाळेतील जुनी नोंदवही, रेल्वे स्थानकाची पाटी पाहून यादी करा.

४. ‘आपल्या गावात नळाचे पाणी केव्हा आले?’ हा प्रश्न चार खणांत मांडा. प्रत्येक खणात निदान तीन शब्द हवेत. त्यांतला एक तरी शब्द आजी-आजोबांना विचारून घ्या.